नसलेल्या गावाचा नकाशा

लहानपणी ओल्या मातीत काडीने रेघा ओढून आपण प्रत्येकाने कधी ना कधी एखादे गाव वसवलेले असते. इथे नदी, इथे देऊळ, इथे चोरांची गुहा, असे म्हणता म्हणता ते गाव वाढत जाई आणि संध्याकाळच्या पावसात वाहूनही जाई. पुढे शाळेत भूगोलाचा तास सुरू झाला आणि नकाशा ही धास्तीची वस्तू बनली. रेघ जरा सरकली की गुण कमी होत. ज्यांची शाळा मधेच सुटली, त्यांच्या मनात तर नकाशा हा तलाठ्याच्या किंवा इंजिनियरच्या टेबलावरचा कागद आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही, अशी समजूत घट्ट बसली. ही समजूत मोडण्याची वाट त्या जुन्या खेळातूनच जाते, असे मला वाटते. मोठ्या वयातही माणसाने एकदा तरी कुठेही नसलेल्या गावाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढून पाहावा.

यावर कोणीही म्हणेल, की खरे गाव सोडून खोट्या गावाचा नकाशा काढणे हा रिकामपणाचा उद्योग आहे. आक्षेप वाजवी आहे. त्याचे उत्तर शोधताना मला चेन्नई शहराची आठवण होते, कारण खरा नकाशा आणि कल्पनेतले गाव या दोहोंशी या शहराचे जवळचे नाते आहे.

चेन्नईच्या दक्षिण भागात सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. तिच्याजवळच्या सपाट जमिनीवर १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने पोलादी साखळीने एक सरळ रेषा मोजली. सुमारे १२ किलोमीटरच्या या रेषेच्या मोजणीला ५७ दिवस लागले. या आधाररेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत पुढची अनेक दशके भारताचे मोजमाप होत राहिले आणि ते हिमालयापर्यंत पोहोचले. मोजणाऱ्याने कल्पना करायची नसते. जे आहे ते तंतोतंत टिपायचे असते.

याच शहरात १९०६ साली आर. के. नारायण यांचा जन्म झाला. त्यांनी इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीपासून मालगुडी नावाचे एक गाव उभे केले. शरयू नदी, मेंपीचे डोंगर, कबीर स्ट्रीट, मार्केट रोड हे सारे तिथे आहे. फक्त ते गाव पृथ्वीवर कुठे नाही. आपल्या परिचयाचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे बंधू. त्यांच्या रेखाचित्रांनी मालगुडीला चेहरा दिला. पुढे अभ्यासकांनी कथांमधले तपशील जुळवून या गावाचे नकाशेही तयार केले. हे शक्य झाले, कारण लेखकाच्या मनात ते गाव नीट वसलेले होते. याउलट रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ साली, स्कॉटलंडच्या पावसाळी दिवसांत, आधी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ची गोष्ट त्याला सुचली. कल्पनेतल्या भूमीलाही शिस्त लागते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

ती शिस्त हाताला कशी लागते, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी चित्रकला येण्याची गरज नाही. एक कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर पुरे. किनारा कसा काढावा हे सुचत नसेल, तर मूठभर तांदूळ कागदावर टाकावेत आणि त्या ढिगाच्या कडेने पेन्सिल फिरवावी. निसर्गातल्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी रेषा आपोआप मिळते. मग डोंगर काढावेत. डोंगरानंतर नदी, आणि इथेच नवशिक्याची पहिली परीक्षा असते. बहुतेक जण नदी अशी काढतात, की ती समुद्राकडे जाता जाता झाडासारखी फांद्या फुटत जाते. खऱ्या नद्या बहुधा उलट वागतात. लहान ओढे मोठ्या प्रवाहाला येऊन मिळतात, आणि नदीचे फाटे फुटतात ते मुख्यतः समुद्राजवळच्या सपाट मुखाशी. नदी डोंगर चढून पलीकडे जात नाही, आणि तळ्यातून पाणी बाहेर पडते ते साधारणपणे त्याच्या काठाच्या सर्वांत सखल जागेतून.

पाणी ठरले, की गाव कुठे वसेल हे नदीच सांगू लागते. पिण्याचे पाणी जवळ हवे, पण पूर दारात नको. रस्ता डोंगराला वळसा घालून खिंडीतून जाईल. नदी ओलांडायची तर उथळ जागा शोधेल. बाजार दोन वाटा मिळतात तिथे भरेल. शेवटी दिशा दाखवणारा बाण, चिन्हांची सूची आणि प्रमाण. माणूस एका दिवसात किती चालेल, त्या हिशेबाने प्रमाण ठरवले तरी चालते. हे करताना आपल्या लक्षात येते, की आपण चित्र काढत नसून प्रश्न सोडवत आहोत. येथे उत्तर चुकले म्हणून गुण कापणारे कोणी नाही. पण नदी चुकली, तर ती चूक आपल्यालाच खटकू लागते. असे खटकणे ही शिक्षणाची सुरुवात आहे. तयार नकाशा हल्ली मोबाईलवर क्षणात उमटतो आणि तो उपयोगीही असतो, परंतु तो पाहताना ही रेषा इथूनच का गेली, असा प्रश्न मनात क्वचितच येतो. हाताने रेघ ओढणाऱ्याला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न खेळापुरता राहत नाही, याची साक्षही चेन्नईच देते. या शहराच्या पश्चिम मांबलम भागात लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. नावात तळे आहे. डोळ्यांना कुठेच दिसत नाही. त्या परिसरात एके काळी लांबच लांब तलाव होता. १९२० च्या दशकात तो आटवून तिथे टी. नगर ही वसाहत उभी राहिली. पुढच्या काळात शहराभोवतालची आणखी तळी आणि दलदली अशाच बुजत गेल्या. तमिळनाडूत जी जमीन कोणा एकाच्या मालकीची नसते, जिच्यावर सारा बसत नाही, तिला ‘पोरंबोक’ म्हणतात. आपल्या गायरानाच्या जातीचा हा शब्द. तळी, कालवे, चराऊ जागा या त्यात येत. आज बोलचालीत तोच शब्द निरुपयोगी माणसासाठी शिवीसारखा वापरला जातो. सर्वांची जमीन म्हणजे कोणाचीच नाही आणि नकाशावरची मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, अशी नजर बनली की भाषाही तशी बदलते.

पाणी मात्र आपला जुना नकाशा विसरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अड्यार नदी पात्राबाहेर आली. विमानतळाची एक धावपट्टी या नदीवर पूल बांधून पलीकडे नेलेली आहे. तो विमानतळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. लॅम्बटनने जिच्याजवळ आधाररेषा मोजली, ती टेकडी तिथून फार दूर नाही. त्या वर्षीचा पाऊस असाधारण होता, हे खरे. पण पाणी साठायच्या आणि वाहायच्या जागा अडल्यामुळे संकट वाढले, हेही खरे. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात याच शहराचे मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उरलेल्या पळ्ळीकरणै दलदलीला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये, स्थान मिळाले. मोजमापाचे कौशल्य तर या शहरापाशी दोनशे वर्षांपासून होते. कमी पडला तो एक साधा प्रश्न: पावसाचे पाणी कुठे जाईल?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांनीच विचारावा असे नाही. चेन्नईच्या दक्षिणेला तंजावर आहे. तिथले मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचे नाटक लिहिले. त्यात जगाचा भूगोल सांगते ती एक भटकी, भविष्य सांगणारी कोरवंजी. एका राजाने हे ज्ञान पायी हिंडणाऱ्या बाईच्या तोंडी घालावे, हे मला मोलाचे वाटते. जो रोज चालतो, पाणी भरतो, माल वाहतो, त्याला आपला परिसर ठाऊकच असतो. त्याने तो कागदावर उतरवलेला नसतो, इतकेच.

म्हणून सुरुवात नसलेल्या गावापासून करावी. तिथे भीती नाही, परीक्षा नाही, मालकीचा वाद नाही. त्या गावात चार नद्या वाहवून, दोन पूल बांधून आणि एक तळे जपून झाले, की त्याच पेन्सिलीने आपल्या गल्लीचा नकाशा काढायला घ्यावा. उद्या ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत कोणी एखादा आराखडा पुढे ठेवला, तर त्यावर अंगठा किंवा सही उमटवण्याआधी आपले बोट एखाद्या मोकळ्या जागेवर टेकेल आणि आपण विचारू, “इथे काय होते?”