नाव जरूर चालवा, आधी पाण्याचा हक्क ठरवा



पडके कालवे, जुने तलाव दुरुस्त करावेत, तेथे नावा चालाव्यात, पक्षी यावेत, गावाला चार घटका बसायला जागा व्हावी, या म्हणण्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?

इंग्लंडात केनेट-एव्हन कालवा रेल्वेपुढे मोडीत निघाला होता. लोकांनी वर्गणी आणि श्रमदान करून तो उभा केला, १९९० साली पुन्हा नावा सुरू झाल्या. काम वाखाणण्यासारखेच. पण तो मालवाहतुकीचा कालवा, बारमाही भरलेला. आपला कालवा आवर्तनाचा. पाळी आली की वाहतो, संपली की कोरडा. त्यात नाव चालवायची तर पाणी अडवून ठेवावे लागेल, म्हणजे कोणाची तरी पाळी चुकेल. आणि ती शेपटाकडच्याचीच चुकेल.

हिशेब करा. आपल्या कोरडवाहू तालुक्यांत पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर. उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड मीटरहून अधिक थर वाफ होऊन उडतो. शोभेसाठी पाणी पसरून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

नगरला याचा धडा घरातच आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीने फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध बांधला. शहराला व बागांना कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी पाणी येई. नळांची निगा थांबली, फराहबागेचा तलाव आटला. महाल उभा आहे, पाणी नाही.

उलट जायकवाडीचे पाहा. १९७६ साली पुरे झालेले हे धरण शेतीसाठी बांधले. पक्षी आपणहून आले आणि १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. पाणी टिकले की पाखरांना आवतण लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे :

१) भातोडीसारख्या जुन्या तलावांचा गाळ काढावा, तो आधी कपाशी-ज्वारीच्या हलक्या रानांत जावा.

२) क्रम ग्रामसभेच्या ठरावात लिहावा : पिण्याचे पाणी, जनावरे, विहिरींचा पाझर, एखादे संरक्षित पाणी. मग नाव.

३) नाव चाललीच तर ठेका गावच्या मच्छीमारांना द्यावा, बाहेरच्या ठेकेदाराला नको.

४) २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्था आधी, उद्घाटनाची फीत नंतर.

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव आहे. त्यांनी विहिरी आणि घाट बांधले ते सर्वांसाठी. नावाला जागायचे असेल तर पाण्याचा क्रम चुकवू नका. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडाच.