आजोबांना विचारायचे दोन प्रश्न फॉर्मवर आहेत, पण उत्तर ऐकल्यावर पुढे काय?

‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही, असं किती वेळा झालं?’ आणि ‘उदास, हताश किती वेळा वाटलं?’ आशाताई घरोघरी भरून घेतात त्या ‘सी-बॅक’ फॉर्मच्या सुधारित आवृत्तीत हे दोन प्रश्न आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी, शुगर, कर्करोगाचा धोका पाहणारा हा फॉर्म. दोन प्रश्नांचे गुण मिळून तीनच्या वर गेले, तर त्या व्यक्तीला उपकेंद्रातील सीएचओ किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते.

म्हणजे ज्येष्ठांमधील नैराश्य शोधण्याची सोय कागदावर तरी आहे. अडचण दारात सुरू होते. ओसरीवर सून उभी, शेजारीण डोकावतेय, अशात सासरे काय सांगणार? ‘बरं चाललंय’ म्हणतात आणि शून्यावर खूण होते. समजा कुणी खरे सांगितलेच, तर महिनाभराने त्याची विचारपूस कोण करणार? सेन्सर बसवला, पण अलार्म कोणाच्या खोलीत वाजणार हे ठरवलेच नाही, अशी ही गत आहे.

जपानमधील निगाता प्रांतातल्या मात्सुनोयामा या बर्फाळ, डोंगरी गावाने नेमके हेच ठरवले होते. १९७० ते १९८६ या काळात तिथे ६५ वर्षांवरील लोकांच्या आत्महत्येचे प्रमाण दर लाखामागे ४३४.६ होते. मग प्रश्नावलीतून ज्यांच्यात नैराश्याची लक्षणे दिसली, त्यांच्याशी मनोविकारतज्ज्ञ स्वतः बोलले. पुढचे उपचार गावातल्याच डॉक्टरांकडे आणि घरी जाऊन लक्ष ठेवायला आरोग्य परिचारिका. पुढच्या दहा वर्षांत प्रमाण १२३.१ वर आले. प्रश्नावली हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता.

‘आपल्याकडे एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. तिथे साठीपुढच्या, सौम्य लक्षणे असलेल्या १८१ जणांवर अभ्यास झाला. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची हे शिकवले, बीपी-मधुमेहाची काळजी समजावली, सरकारी योजनांपर्यंत पोहोचवले. वर्षभरात त्यांच्यापैकी ४.४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात १४.४ टक्क्यांना. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेन्शनचे अडलेले काम मार्गी लावणे हासुद्धा मानसिक आरोग्याचा उपचार असू शकतो, हे आपल्या यंत्रणेला अजून पटायचे आहे.

पुरुषांचे काय, हा मुद्दा मात्र अवघड आहे. जपानमध्येच अकिता प्रांतातील युरी गावात ज्येष्ठांसाठी गटाने करायचे उपक्रम राबवले गेले. महिलांमधील आत्महत्या लक्षणीय घटल्या, पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. आपल्याकडेही भजनी मंडळात रमणारी आजी सापडते. पत्नी गेल्यावर घराबाहेर पडणेच सोडून दिलेले आजोबा कुठल्याच मंडळात नसतात. त्यांच्यापर्यंत आशाताईच पोहोचू शकते. पण त्यासाठी तिला फॉर्ममागे दहा मिनिटे जास्त आणि त्या वेळेचा मोबदला मिळायला हवा. आज ती मोजली जाते भरलेल्या फॉर्मच्या संख्येवर.

मदत हवी असल्यास : ‘टेली-मानस’ १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही. ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७. घरातील ज्येष्ठांच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता.