उभ्या गाडीचा रोजमेळ

कार्तिकी पौर्णिमा झाली की चार महिने बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि व्यापारी घरांतूनही तीर्थयात्रेची बोलणी निघू लागतात. याच दिवसांत अनेक घरी एक ठरलेला प्रसंग घडतो. पावसाळाभर वखारीच्या शेडमध्ये उभी असलेली जुनी गाडी बाहेर काढण्यासाठी किल्ली फिरवली जाते आणि गाडी दाद देत नाही.

अशा गाड्यांत प्रीमियर पद्मिनीचा मान मोठा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. जैन घराण्यातील एका उद्योजकाने मोटारीच्या कारखान्याचे स्वप्न पाहिले, याचे कौतुक आपल्या समाजात आजही आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, कार्बोरेटर आणि यांत्रिक पंप एवढाच तिचा संसार. त्यात संगणक नाही, संवेदक नाहीत. म्हणूनच ती का सुरू होत नाही, हे डोळे, कान आणि नाक यांच्या बळावर शोधता येते.

शोधण्याची रीत व्यापाऱ्याला नवी नाही. संध्याकाळी शिलकेत फरक आला तर कोणी सारी खतावणी नव्याने लिहीत नाही. रोजमेळातील नोंदी एकेक करून मागे तपासल्या जातात. गाडीच्या बाबतीत मात्र हेच लोक पहिल्याच दिवशी नवी बॅटरी, दुसऱ्या दिवशी नवा सेल्फ आणि तिसऱ्या दिवशी कॉइल विकत घेतात.

किल्लीला हात लावण्यापूर्वी बॉनेट उघडावे. चार महिने उभ्या गाडीत उंदरांची घरटी, मुंग्यांची वारुळे, पाली आणि कधी मांजरीची पिल्लेही सापडतात. पंख्याचा पट्टा फिरू लागल्यावर त्या जिवांना पळायला अवसर मिळत नाही. मऊ कुंचल्याने, जयणापूर्वक सारे मोकळे करावे. उंदरांनी कुरतडलेली वायर याच वेळी दिसते, हा व्यवहाराचा लाभ वेगळाच.

त्यानंतर एकच प्रश्न विचारायचा: इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही? ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पैसा वाया जातो.

इंजिन फिरत नसेल तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी साचून करंट अडतो आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टपर्यंत आली म्हणजे ती जवळजवळ रिकामीच समजावी. टोके सोडवून, घासून, घट्ट बसवणे हे बिनखर्चाचे काम आधी करावे. बॅटरीतील पाणी कमी असेल तर केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे. घरचे गाळलेले, उकळलेले पाणी पिण्यास कितीही योग्य असले तरी त्यातील क्षार तसेच राहतात आणि बॅटरीच्या प्लेटा खराब करतात.

दिवे मात्र लख्ख राहिले आणि इंजिन तरीही हलले नाही, तर बॅटरीला दोष देणे अन्यायाचे ठरते. बार्शीच्या एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. वडिलांच्या पश्चात त्यांची पद्मिनी दोन वर्षे उभी होती. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आलेली, तपासणीसाठी गाडी चालत न्यायला हवी. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, आणि अखेर इंजिन जाम झाल्याचे सांगून गाडी भंगारात द्यावी असा सल्ला दिला. मुलांनी भंगारवाल्याशी भाव ठरवलाही. मातोश्रींनी मात्र किल्ली देण्यास नकार दिला.

पेढीवरच्या जुन्या दिवाणजींनी तेव्हा ट्रकच्या वृद्ध चालकाला बोलावले. त्याने दोनदा सेल्फ मारायला लावला आणि चोकच्या तारेला हात लावून पाहिला. तार गरम झाली होती. बॅटरीचा करंट परत येताना इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून यावा लागतो. ती पट्टी गंजली की तो चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून वाट काढतो आणि सेल्फला पुरेसे बळ मिळत नाही. चालकाने एक जाड केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला लावली. इंजिन झपाट्याने फिरले. पट्टी काही शे रुपयांत आली. बॅटरी आणि सेल्फ यांवर झालेला खर्च अर्थातच परत आला नाही.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा ठिणगी आणि पेट्रोल या दोन गोष्टी पाहायच्या. पावसाळ्यानंतर पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याच्या टोपणात दमट हवा साचते; ते काढून कोरड्या फडक्याने पुसले तरी कित्येक गाड्या सुरू होतात. आतील पॉइंटवर काळा थर बसला असेल तर तो हलकेच घासावा. प्लग काढून, वायरीला जोडून, इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारला की निळी, टणक ठिणगी दिसायला हवी. पिवळी, अशक्त ठिणगी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असे मागे जावे. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, प्लग हाताने धरू नये आणि जवळपास पेट्रोल उघडे नसावे.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळावे. जुन्या गाडीचा काटा सरळ खोटे सांगतो, म्हणून टाकीत पेट्रोल आहे याची खात्री आधी करावी. बराच काळ उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहून जेट बुजतात. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा यांना मानवत नाही. नळी मऊ पडलेली किंवा चिरलेली दिसली तर सुरू करण्याचा प्रयत्न तिथेच थांबवावा. गळते पेट्रोल आणि ठिणगी एकत्र आल्यास गाडीबरोबर वखारही जाईल. उलट पेट्रोलचा वास दाटून येत असेल आणि प्लग ओला निघत असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. चोक आत ढकलून दहा मिनिटे थांबावे, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, नाहीतर धडधाकट बॅटरीही उतरते.

कोणती खूण दिसली, कोणती नाही, हे कागदावर लिहून मगच मिस्त्रीला बोलवावे. पुढच्या आषाढात गाडी उभी करताना बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे, आणि घरातील कोणी पंधरवड्यातून एकदा टोक जोडून इंजिन वीस मिनिटे चालवले तर कार्तिकात किल्ली फिरवताना हात थरथरणार नाही.