विषुववृत्ताचा खंड कोणाच्या पदरी?

कोकणाला एवढा लांब किनारा लाभलेला असताना अग्निबाण सोडण्यासाठी थेट आंध्रातील श्रीहरिकोटा बेटापर्यंत का जावे लागते, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मध्यंतरी अर्थशास्त्राच्या तासाला विचारला. वर्ग हसला. वस्तुतः प्रश्न भूगोलाचा दिसत असला तरी त्याचे मूळ अर्थशास्त्रातच आहे.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि विषुववृत्तावर हा वेग सर्वांत अधिक, म्हणजे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो. मुलुंडच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या लोकलची वाट पाहत तिष्ठणारा प्रवासीदेखील ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो. दुर्दैव एवढेच की त्याचे कार्यालयही त्याच वेगाने पुढे सरकत असते! पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला मात्र हा धक्का फुकट मिळतो. पण त्यासाठी पूर्वेला मोकळा समुद्र हवा. रत्नागिरीहून उड्डाण केले तर जळून गेलेले टप्पे कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात कोसळावयाचे. कोकणचा किनारा बाद होतो तो यामुळे. थुंबा पश्चिम किनाऱ्यावर असूनही निवडले गेले, कारण तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेल्या अग्निबाणाला कक्षेत जावयाचेच नव्हते; चुंबकीय विषुववृत्तावरील उच्च वातावरणात वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहांचा अभ्यास करून त्याच्यासारख्यांनी अरबी समुद्रात पडावे, एवढीच अपेक्षा होती. थुंबा आणि पुढे श्रीहरिकोटा या दोन्ही जागांच्या शोधात कोल्हापूरला जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही.

दूरसंचाराचे मोठे उपग्रह ज्या भूस्थिर कक्षेत ठेवावयाचे ती विषुववृत्ताच्या बरोबर माथ्यावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. सुमारे १३.७ अंश उत्तर अक्षांशावरील श्रीहरिकोट्याहून निघालेल्या उपग्रहाची वाट तिरपी पडते आणि ती सरळ करण्यासाठी त्याला पोटातले इंधन जाळावे लागते. हे इंधन म्हणजेच उपग्रहाचे आयुष्य. फ्रेंच गियानातील कुरू हे केंद्र विषुववृत्तापासून अवघ्या पाच अंशांवर असल्याने तेथे ही उधळपट्टी फारच कमी होते. आपला ‘ॲपल’ १९८१ साली तेथूनच गेला. २०१८ साली ५,८५४ किलो वजनाचा ‘जीसॅट-११’ही तेथूनच गेला, अर्थात त्या वेळी एवढे वजन पेलणारे वाहन आपल्यापाशी नव्हते हेही त्याचे कारण होते.

सुपीक जमिनीच्या मालकाला केवळ ती सुपीक आहे म्हणून जो जादा मोबदला मिळतो, त्याला रिकार्डोने खंड म्हटले. विषुववृत्ताजवळची जमीन ही अशीच सुपीक जमीन होय. मग तिचा खंड कोणाला मिळतो? अल्जीरिया हातचा गेल्यावर फ्रान्सने १९६४ साली कुरूची निवड केली. केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातल्या मंचावरून १९६७ पासून उपग्रह उडाले ते इटलीच्या कार्यक्रमाखाली. २०१७ साली गियानात सार्वत्रिक संप झाला आणि कुरूचे उड्डाण कित्येक आठवडे अडून राहिले. दवाखाने, शाळा, रोजगार आणि सुरक्षितता, एवढेच त्या लोकांचे मागणे होते. ज्यांच्या डोक्यावरून अब्जावधींची यंत्रे आकाशात जात होती, त्यांनी ते मागावे यात नवल ते काय?

खंडाचा हा हक्क उघडपणे मागण्याचा एक प्रयत्न ३ डिसेंबर १९७६ रोजी बोगोटा येथे झाला. कोलंबिया, ब्राझील, इंडोनेशिया, केनिया यांच्यासह आठ राष्ट्रांनी आपल्या माथ्यावरील भूस्थिर कक्षेचा भाग आपलाच असल्याचे जाहीर केले. अवकाशावर कोणाचीही मालकी नाही, या १९६७ च्या कराराकडे बोट दाखवून जगाने तो दावा झिडकारला. कायद्याने दावा लंगडा होता हे मान्य. पण ‘कोणाचेही नाही’ याचा व्यवहारातील अर्थ ‘जो आधी पोहोचेल त्याचे’ असाच होत होता, ही त्यामागची तक्रार खोटी नव्हती. प्रत्येक राष्ट्रासाठी कक्षेतील किमान एक जागा राखून ठेवण्याचे तत्त्व पुढे १९८० च्या दशकात मान्य झाले, त्यामागे अशाच तक्रारींचा रेटा होता.

विषुववृत्त नुसते देतच नाही, घेतेही. उष्ण कटिबंधातील मुसळधार पावसात उपग्रहाचे संदेश विरून जातात. जुलै महिन्यात घरच्या छपरावरील तबकडी ऐन बातम्यांच्या वेळी मुकी होते, तो अनुभव मुलुंडकरांस नवा नाही. सूर्यास्तानंतर आयनांबरात उठणारी खळबळ दिशादर्शक संदेशांची दिशाभूल करते. विमानांसाठी ‘गगन’ ही यंत्रणा उभारताना आपल्या शास्त्रज्ञांना याच खळबळीशी झुंजावे लागले. शिवाय नुसत्या जागेने धंदा चालत नाही. पॅसिफिकमध्ये ऐन विषुववृत्तावर तरंगता मंच नेऊन १९९९ पासून उड्डाणे करणाऱ्या ‘सी लाँच’ कंपनीने २००९ साली दिवाळखोरी पुकारली. उलट २८ अंशांवरील केप कॅनाव्हरलची भरभराट चालूच आहे. ज्ञान आणि भांडवल नसेल तर जागेच्या धन्याला पहारेकऱ्याचा पगार तेवढा मिळतो.

भारताने ज्ञान कमावले. परंतु आपल्याही घरात धनी आणि पहारेकरी आहेतच. थुंब्याच्या कोळ्यांनी घरे आणि चर्चची वास्तू दिली. श्रीहरिकोट्याच्या यानादी आदिवासींना बेटावरील वस्त्या सोडाव्या लागल्या. त्या काळी उड्डाणांतून नफा नव्हता, तेव्हा राष्ट्रकार्यासाठी त्याग हा शब्द तरी शोभत होता. २०२० नंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तामिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथे नव्या केंद्राची पायाभरणी झाली. तेथून दक्षिणेला मोकळा समुद्र असल्याने ध्रुवीय कक्षेकडे जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागणार नाही आणि लहान वाहनांचे बरेच इंधन वाचेल. हे वाचलेले इंधन म्हणजे रोख खंड आहे.

खाणीच्या धन्याकडून स्वामित्वधनाबरोबर ठराविक रक्कम घेऊन ती खाणपट्ट्यातील लोकांसाठी खर्च करावी, अशी तरतूद २०१५ साली जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या रूपाने कायद्यात आली. तिची अंमलबजावणी सर्वत्र चोख आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही प्रत्येक खासगी उड्डाणामागे असा एक ठराविक वाटा लगतच्या पंचायतींना मिळावा, त्याचा दर उड्डाणाच्या करारातच लिहावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा, हे करावयास कोणत्याही नव्या शास्त्राची गरज नाही. उड्डाणाच्या दिवशी ज्या कोळ्यांना समुद्रात जाण्यास मनाई होते, त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई या वाट्यातून नव्हे, तर त्याखेरीज वेगळी द्यावी लागेल.