ट्रेनरच्या प्रमाणपत्राची मुदत पाहिली का?

पुण्यात नवीन जिम लावताना आपण फी विचारतो, एसी बघतो आणि पार्किंगची चौकशी तर सगळ्यात आधी करतो. ट्रेनरची प्रमाणपत्रं काउंटरमागे फ्रेम करून टांगलेली असतात. त्यांच्यावरची मुदत मात्र क्वचितच कुणी वाचतं.

अमेरिकेतल्या ‘एसीई’ किंवा ‘एनएएसएम’ या संस्थांचं ट्रेनरचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. ते पुढे चालू ठेवायचं तर त्या काळात साधारण २० तासांचं नवं शिक्षण आणि सीपीआरचं चालू प्रमाणपत्र लागतं. ‘एसीएसएम’ची मुदत तीन वर्षांची. आपल्या डॉक्टरांनाही महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. ट्रेनरसाठी अशी कायदेशीर परिषदच नाही. त्यामुळे मुदत संपली तरी उद्या सकाळी सहाची बॅच घ्यायला त्याला कुणी अडवत नाही.

‘दहा वर्षं शिकवतोय, कागदानं काय होतं?’ असं यावर हमखास ऐकू येतं. अनुभव मोलाचा आहेच. पेठांतल्या तालमींमधल्या वस्तादांकडे तरी कुठे कागद होता? पण वस्ताद पोराला वर्षानुवर्षं ओळखायचा. आज ट्रेनरपुढे उभा असतो तो पन्नाशीचा, बीपीची गोळी घेणारा, वीस वर्षांनी पहिल्यांदा ट्रेडमिलवर चढलेला माणूस.

शिवाय शास्त्र बदलतं. २०१० पूर्वी सीपीआर शिकलेल्याला आधी श्वासमार्ग मोकळा करून तोंडाने श्वास द्यायला शिकवलेलं असणार. त्या वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम बदलला : आधी छाती दाबा. २०१५ मध्ये गती आणि खोलीही नेमकी झाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर. आणि सराव नसेल तर हे सगळं काही महिन्यांतच हातातून जातं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ झाले आणि त्याच दिवशी गेले, वय अवघं ४६. त्यात कुणाचा दोष होता असं नव्हे. पण जिममध्ये कुणी कोसळलं, तर रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं ट्रेनरच्याच हातात असतात.

नूतनीकरणाला पैसे लागतात, ही ट्रेनरची अडचण खरी आहे. तुटपुंज्या पगारातून त्याने डॉलरमधली फी भरावी, ही अपेक्षा मला पटत नाही. सदस्यांकडून वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्या मालकाने ती भरावी. यंत्रांची सर्व्हिसिंग तो करतोच की. निदान सगळ्या ट्रेनरचं सीपीआरचं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी जिमच्या खर्चाने व्हायलाच हवं.

आपणही फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्र कधीपर्यंत चालू आहे आणि सीपीआर शेवटचं कधी शिकलात? ‘एसीई’चं असेल, तर संस्थेच्या संकेतस्थळावर ट्रेनरचं नाव टाकून ते तपासताही येतं.