धीर द्यायचा, पण कधी?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शेतंच्या शेतं खरडून गेली. आमच्या शिरूर कासारच्या सिंदफणेलाही पूर आला. अशा वेळी पहिल्या आठवड्यात धीर द्यायला सगळेच येतात. गाड्या, किट, भाषणं, फोटो... वाईट काहीच नाही त्यात. पण माझं मत विचाराल तर खरा धीर लागतो तो महिन्याभरानंतर.

बायबलच्या जुन्या करारात हाग्गय नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे. जेमतेम दोन अध्याय! बॅबिलोनहून परतलेल्या ज्यू लोकांनी जेरुसलेमच्या पडलेल्या मंदिराचा नवा पाया घातला, आणि मग पंधराएक वर्षं काम ठप्प. इ.स.पू. 520 मध्ये हाग्गय बोलला आणि 23 दिवसांत काम सुरू झालं. पुस्तकात तारखाच दिल्यात. गंमत पुढे आहे. काम सुरू होऊन महिना व्हायच्या आत त्याला परत बोलावं लागलं. जुनं मंदिर पाहिलेल्यांना नवं अगदीच किरकोळ वाटत होतं. हाग्गय 'छान चाललंय' म्हणाला नाही. हे तुम्हाला काहीच नाही असं वाटतंय ना, असं त्याने सरळ विचारलं. मग म्हणाला, हिंमत धरा, कामाला लागा, देव सोबत आहे. पुढच्याच महिन्यात जखऱ्याही बोलू लागला. इ.स.पू. 515 मध्ये मंदिर पूर्ण झालं.

आपल्या आयटीत तरी वेगळं काय होतं? किकऑफ जोरात होतो. टीम गळते ती चौथ्या आठवड्यात, 'जुनी सिस्टीमच बरी होती' सुरू झाल्यावर. तेव्हा मॅनेजरने 'ऑल इज वेल' म्हटलं की संपलंच!

लांब कशाला, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरचं बघा. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकाच 'संवाद सहायक' झाल्या. मदत कशी मिळते, बांधकाम मजबूत कसं करायचं, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावत. भाषण ठोकून निघून जायला त्या पाहुण्या थोड्याच होत्या!

वाहून गेलेली माती एका हंगामात परत येत नाही. म्हणून सरपंच असो की टीम लीड, माझं म्हणणं एकच: गेलं ते गेलं हे कबूल करा, आज होईल असं एक काम हातात द्या, आणि महिन्याभराने परत या. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा हवं तर.

पटतंय का?