भिंतींना आता डोळेही

‘भिंतीलाही कान असतात’ असे वाडवडील बजावत आले. आता त्याच भिंतींना डोळेही फुटू लागले आहेत, आणि तेही कॅमेऱ्याविना. घरोघरी इंटरनेट पुरविणाऱ्या वाय-फायच्या लहरी माणसाच्या देहावरून परावर्तित होतात. माणूस चालला, बसला वा पडला की त्यांत सूक्ष्म फरक पडतो आणि त्यावरून संगणक हालचाल ओळखतो.

खोलीत अनेक माणसे असली की साऱ्यांची परावर्तने एकमेकांत मिसळतात, ही मोठी अडचण होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१५ साली रेडिओ लहरींवर प्रयोग करून तीवर मार्ग काढला. ठळक परावर्तन आधी वजा करायचे आणि त्याआड दडलेले क्षीण परावर्तन मग शोधायचे, या रीतीने त्यांनी एकाच वेळी पाच जणांचा ठाव घेतला. २०२२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात साध्या वाय-फाय राउटरच्या लहरींतून एकाहून अधिक व्यक्तींच्या शरीरस्थितीचे चित्र उभे राहिले. अपरिचित खोलीत ही पद्धत अजून चुकते. तथापि २०२५ साली अशा वापरासाठी ‘८०२.११बीएफ’ हे तांत्रिक मानकही प्रसिद्ध झाले आहे. प्रयोगशाळेतील ही विद्या आता बाजाराच्या उंबरठ्यावर आहे.

मुले परदेशी आणि वृद्ध आईवडील एकटे, अशा घरांना हे वरदानच ठरेल. कोणी पडले तर तत्काळ कळेल आणि कॅमेऱ्याचा संकोचही उरणार नाही. परंतु कॅमेरा निदान दिसतो. लहरी दिसत नाहीत आणि त्या भिंतीशी थांबतही नाहीत. शेजारी, भाडेकरू, घरकामाला येणारी बाई यांची संमती कोणी घ्यायची?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. धोका नेमका या फटीतून शिरू शकतो.

म्हणूनच नियम आधी व्हावेत. ही क्षमता यंत्रात आहे हे ठळकपणे छापलेले असावे, ती मुळात बंद असावी आणि टिपलेली माहिती घराबाहेर जाऊ नये. तपास यंत्रणांनाही न्यायालयाच्या आदेशाविना ती मिळू नये. आजारी माणसाची शुश्रूषा आणि निरोगी माणसावरील पाळत यांतील सीमारेषा यंत्राला कळत नसते; ती समाजानेच आखावी लागते, आणि ती आखण्याची वेळ हीच आहे.